मिश्र डीएनए नमुन्यांचे अर्थनिर्णयन

मिश्र डीएनए नमुन्यांचे अर्थनिर्णयन : दोन किंवा अधिक व्यक्तींच्या पेशी एकत्र आलेल्या डागातून, कापसाच्या बोळ्यातून किंवा वस्तूवरून मिळालेल्या डीएनएचे (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लाचे) विश्लेषण करून त्यात कोणाचा अंश असू शकेल व त्या विधानाला किती वजन द्यावे, हे ठरविण्याची न्यायसहायक विज्ञानातील पद्धती. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेच्या शरीरावरून घेतलेले बोळे, झटापटीनंतर नखांखाली राहिलेला मळ, अनेकांनी हाताळलेले शस्त्र, दाराची मूठ, अंगावरचे कपडे यांवरून मिळणारे नमुने बहुधा मिश्र असतात.

एकाच व्यक्तीच्या रक्ताचा डाग आणि संशयिताचे रक्त यांची तुलना तत्त्वतः सरळ असते. दोन्हींचे आलेख जुळतात किंवा जुळत नाहीत. मिश्र नमुन्यात मात्र तुलना करण्यापूर्वी त्यात किती व्यक्ती आहेत, कोणता घटक कोणाचा आहे आणि काही घटक नजरेआड राहिले आहेत काय, हे प्रश्न सोडवावे लागतात. त्यामुळे जो पुरावा निर्विवाद म्हणून ख्याती पावला, त्याच्याच एका मोठ्या शाखेत तज्ञाच्या वैयक्तिक निवाड्याला पुष्कळ वाव राहिला. हा निवाडा प्रथम रासायनिक कृतीने टाळण्याचा, नंतर नियमांनी बांधण्याचा आणि शेवटी गणिताच्या स्वाधीन करण्याचा जो प्रयत्न झाला, तोच या विषयाचा इतिहास होय.

मिश्रणाचे स्वरूप : मानवी पेशीच्या केंद्रकात रंगसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक रंगसूत्र आईकडून व दुसरे वडिलांकडून येते. रंगसूत्रांवरील काही ठरावीक स्थानी बहुधा चार क्षारकांचा एक छोटा अनुक्रम लागोपाठ अनेक वेळा आलेला असतो. त्यास लघू पुनरावृत्त अनुक्रम म्हणतात. पुनरावृत्तीची संख्या व्यक्तिपरत्वे बदलते. एखाद्याला एका स्थानी आईकडून १२ व वडिलांकडून १४ पुनरावृत्ती मिळालेल्या असतात. या पर्यायी रूपांना अलील अशी संज्ञा आहे. एका स्थानी एका व्यक्तीचे जास्तीत जास्त दोन अलील दिसतात. दोन्हीकडून सारखाच अलील आल्यास एकच दिसतो. विश्लेषणानंतर मिळणाऱ्या आलेखावर प्रत्येक अलील एका शिखराच्या रूपाने उमटतो व शिखराची उंची त्या डीएनएच्या प्रमाणाची ढोबळ कल्पना देते.

एखाद्या स्थानी १२, १४, १५ व १७ अशी चार शिखरे दिसली, तर नमुन्यात किमान दोन व्यक्ती आहेत हे उघड होते. दोनच व्यक्ती असल्या, तरी १२-१४ व १५-१७, १२-१५ व १४-१७, १२-१७ व १४-१५ अशा तीन प्रकारे या चार अलीलांची वाटणी होऊ शकते. तीनच शिखरे दिसल्यास शक्य जोड्यांची संख्या सहावर जाते. कारण एखादा अलील दोघांत समान असू शकतो किंवा एकाजवळ एकच अलील दुहेरी असू शकतो. उलट चार व्यक्तींच्या मिश्रणातही एखाद्या स्थानी चारच शिखरे दिसू शकतात. म्हणजे शिखरांवरून व्यक्तींची किमान संख्या निश्चित सांगता येते. नेमकी संख्या मात्र अनुमानाचाच विषय राहते. पुढे निर्माण झालेल्या अनेक वादांचे मूळ या साध्या अंकगणितात आहे.

आरंभीचा काळ : ग्रेट ब्रिटनमधील लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रिझ यांना सप्टेंबर १९८४ मध्ये डीएनए ठशांची पद्धत सापडली. पुढील वर्षी पीटर गिल, जेफ्रिझ व डेव्हिड वेरेट यांनी या पद्धतीचा गुन्हेशोधनातील उपयोग दाखविणारा लेख प्रसिद्ध केला. मिश्र नमुन्यांच्या इतिहासाचा आरंभ याच लेखापासून धरावा लागतो. बलात्काराच्या गुन्ह्यातील बोळ्यावर स्त्रीच्या योनिमार्गाच्या अस्तरातील पेशी आणि पुरुषाचे शुक्राणू एकत्र असतात. शुक्राणूच्या केंद्रकाभोवतीचे प्रथिनांचे आवरण गंधकयुक्त बंधांमुळे विशेष चिवट असते. स्त्रीच्या पेशी प्रथम सौम्य प्रक्रियेने फोडून त्यांचा डीएनए धुऊन काढावयाचा आणि नंतर ते बंध तोडणारे रसायन घालून शुक्राणूंचा डीएनए मोकळा करावयाचा, अशी युक्ती या शास्त्रज्ञांनी योजिली. मिश्रणाचा अर्थ लावण्याऐवजी मिश्रणच वेगळे करण्याचा हा मार्ग होता व तो आजही जगभर रूढ आहे. मात्र शुक्राणू नसतील, किंवा दोन्ही अंश एकाच जातीच्या पेशींचे असतील, तेथे त्याचा उपयोग होत नाही.

त्या काळातील विश्लेषणात डीएनएचे एंझाइमांच्या साहाय्याने तुकडे करून विद्युत् संचारणाने ते वेगळे केले जात आणि त्यांच्या पट्ट्या क्ष-किरण फिल्मवर पाहिल्या जात. यासाठी डीएनए तुलनेने पुष्कळ, म्हणजे साधारणपणे पन्नास नॅनोग्रॅम किंवा त्याहून अधिक लागे (१ नॅनोग्रॅम = ग्रॅमचा एक अब्जांश). त्यामुळे रक्ताचे वा वीर्याचे ठळक डागच तपासले जात. तरीही जादा पट्ट्यांचा प्रश्न लवकरच उपस्थित झाला. न्यूयॉर्क येथील कॅस्ट्रो खटल्यात (१९८९) आरोपीच्या घड्याळावरील रक्ताच्या डागात एका तपासणीत दोन जादा पट्ट्या दिसल्या होत्या. त्या बाह्य दूषणामुळे आल्या असे मानून प्रयोगशाळेने वगळल्या होत्या. दोन्ही पक्षांच्या तज्ञांनी एकत्र बसून हा पुरावा शास्त्रीय कसोटीला उतरत नाही, असे संयुक्त निवेदन दिले आणि डाग मृत व्यक्तीचा असल्याचा निष्कर्ष न्यायालयाने पुराव्यात घेतला नाही. गैरसोयीची खूण वगळण्याचा अधिकार तज्ञाला कोणत्या नियमाने मिळतो, हा प्रश्न येथे प्रथमच स्पष्टपणे विचारला गेला.

शिखरे आणि संभाव्यता : कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये कल्पिलेल्या पॉलिमरेज शृंखला विक्रियेमुळे डीएनएच्या अत्यल्प अंशाच्या असंख्य प्रती काढणे शक्य झाले. या शोधाबद्दल त्यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या विक्रियेच्या प्रत्येक आवर्तनात प्रती जवळजवळ दुप्पट होतात. २८ आवर्तनांत एका रेणूच्या तत्त्वतः सु. २७ कोटी प्रती होतात. या विक्रियेची लघू पुनरावृत्त अनुक्रमांशी सांगड घातल्यावर सु. एक नॅनोग्रॅम डीएनए पुरेसा ठरू लागला. ग्रेट ब्रिटनचा राष्ट्रीय डीएनए संग्रह एप्रिल १९९५ मध्ये सुरू झाला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९८ मध्ये १३ स्थानांवर आधारलेला राष्ट्रीय संग्रह कार्यान्वित झाला. १ जानेवारी २०१७ पासून तेथील स्थानांची संख्या २० करण्यात आली.

मिश्र आलेखांचे वजन ठरविण्याचे दोन मार्ग या काळात पुढे आले. पहिल्या मार्गात, यादृच्छिकपणे निवडलेल्या व्यक्तीचे सर्व अलील मिश्रणात दिसणाऱ्या अलीलांतच सामावण्याची संभाव्यता काढतात. यास संयुक्त समावेश संभाव्यता म्हणतात. दुसऱ्या मार्गात दोन प्रतिस्पर्धी गृहीतके मांडतात. ‘मिश्रणात पीडित व्यक्ती आणि आरोपी आहेत’ हे एक व ‘पीडित व्यक्ती आणि कोणी अज्ञात इसम आहे’ हे दुसरे. हाती आलेला आलेख पहिले गृहीतक खरे असताना दिसण्याची संभाव्यता, दुसरे खरे असतानाच्या संभाव्यतेच्या किती पट आहे, हे काढतात. या पटीला संभवनीयता गुणोत्तर म्हणतात. ब्रिटनमधील इअन एव्हेट व त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये मिश्र डागांसाठी या दुसऱ्या मार्गाची मांडणी केली. १९९७ मध्ये ब्रूस वेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला अधिक व्यापक रूप दिले.

दोन्ही मार्गांतील फरक एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. वर दिलेल्या चार अलीलांचे लोकसंख्येतील प्रमाण अनुक्रमे ०·१, ०·२, ०·३ व ०·१ आहे, पीडित व्यक्तीचे अलील १५-१७ व आरोपीचे १२-१४ आहेत, असे समजू. पहिल्या मार्गाने चारही प्रमाणांच्या बेरजेचा, म्हणजे ०·७ चा वर्ग ०·४९ येतो. म्हणजे जवळजवळ निम्मे लोक या मिश्रणात सामावू शकतील. दुसऱ्या मार्गाने अज्ञात इसमाजवळ नेमके १२ व १४ असावे लागतात. त्याची संभाव्यता २ × ०·१ × ०·२ = ०·०४ व गुणोत्तर २५ येते. अशीच दहा स्वतंत्र स्थाने घेतली, तर पहिला आकडा सु. १,२५० मध्ये एक एवढाच राहतो, तर दुसरा सु. ९५ लाख कोटींवर जातो. पहिला मार्ग समजावयास सोपा आहे, पण तो हाती असलेली माहिती वाया घालवितो. दुसरा मार्ग माहितीचा पूर्ण उपयोग करतो. परंतु गृहीतके चुकली, तर त्याचा भव्य आकडाही चुकतो.

लॉस अँजेल्स येथे १९९५ साली चाललेल्या ओ. जे. सिंप्सन खटल्यात मिश्र डागांची ही आकडेमोड सामान्य जनतेपुढे आली. अभियोग पक्षाच्या संख्याशास्त्रज्ञाकडून एक शक्यता हिशेबात घ्यावयाची राहून गेली होती. उलटतपासणीत त्याने ती चूक मान्य केली. आकडा बरोबर असला, तरी त्याचा अर्थ चुकू शकतो, हे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने डोहनी व ॲडम्स यांच्या प्रकरणी (१९९६) दाखवून दिले. ‘निरपराध माणसाचा आलेख जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक’ या विधानावरून ‘आरोपी निरपराध असण्याची शक्यता दहा लाखांत एक’ असे विधान करणे हा तर्कदोष होय. पहिले विधान तज्ञाने करावयाचे असते. दुसरा निष्कर्ष सर्व पुराव्याचा विचार करून न्यायालयाने काढावयाचा असतो.

ब्रिटनमधील क्लेटन, व्हिटेकर, स्पार्क्स व गिल यांनी १९९८ मध्ये मिश्र आलेख उलगडण्याची पायरीवार पद्धत प्रसिद्ध केली. मिश्रण आहे काय हे पाहणे, अलील निश्चित करणे, व्यक्तींची संख्या ठरविणे, शिखरांच्या उंचीवरून त्यांच्या अंशांचे प्रमाण काढणे, शक्य जोड्या मांडणे व सर्वांत शेवटी संशयिताच्या आलेखाशी तुलना करणे, असा तिचा क्रम आहे. यातील शेवटच्या पायरीचे स्थान महत्त्वाचे आहे. संशयिताचा आलेख अगोदर पाहिल्यास तज्ञाची नजर नकळत तो शोधू लागते. स्त्रीच्या डीएनएचे प्रमाण फार मोठे असलेल्या मिश्रणांसाठी आणखी एक साधन मिळाले. बर्लिनचे लुट्स रोव्हर यांनी १९९२ मध्ये पुरुषांतच असणाऱ्या वाय रंगसूत्रावरील अशा अनुक्रमांची उपयुक्तता दाखविली. तथापि वाय रंगसूत्र पित्याकडून पुत्राकडे जवळजवळ जसेच्या तसे जात असल्याने त्यावरून व्यक्ती नव्हे, तर पितृवंश ओळखला जातो.

सूक्ष्मतेचे परिणाम : नुसत्या स्पर्शानेही वस्तूवर डीएनए राहतो, हे ऑस्ट्रेलियातील रोलंड व्हॅन ऊर्स्कॉट व मॅक्सवेल जोन्स यांनी १९९७ मध्ये दाखविले. ब्रिटनमध्ये १९९९ पासून आवर्तने २८ वरून ३४ पर्यंत वाढवून शंभर पिकोग्रॅमहून कमी, म्हणजे सु. पंधरा पेशींतील डीएनएपासून आलेख मिळविण्याची अल्पांश पद्धत वापरात आली. जुनी, बंद पडलेली अनेक प्रकरणे तिच्या साहाय्याने पुन्हा हाती घेता आली.

परंतु नमुना जितका अल्प, तितका त्यात योगायोगाचा भाग अधिक असतो. थोड्याच रेणूंपैकी एखादा पहिल्या काही आवर्तनांत सुटला, तर तो अलील आलेखावर उमटतच नाही. यास लोप म्हणतात. हवेतून वा उपकरणांतून आलेला एखादा परका अंश शिखर निर्माण करतो. तो आगंतुक होय. खऱ्या शिखराच्या शेजारी, एक पुनरावृत्ती कमी असलेल्या जागी, विक्रियेतील घसरणीमुळे एक लहान आभासी शिखर नेहमीच उमटते. दुसऱ्या व्यक्तीचा अंश अल्प असल्यास त्याचे खरे शिखर व हे आभासी शिखर यांची उंची सारखीच असू शकते. शिवाय मोठ्या, दृश्य डागात बहुधा एकच व्यक्ती असते. अदृश्य स्पर्शाच्या खुणांत मात्र त्या वस्तूला हात लावणारे कितीतरी लोक सामावलेले असतात. अशा रीतीने साधने सूक्ष्म होत गेली, तसे नमुने अधिकाधिक मिश्र व अधिकाधिक संदिग्ध होत गेले.

उत्तर आयर्लंडमधील ओमा येथे ऑगस्ट १९९८ मध्ये झालेल्या स्फोटात २९ जण मृत्युमुखी पडले. त्या खटल्यात अल्पांश पद्धतीचा पुरावा पुढे आला. डिसेंबर २००७ मध्ये न्यायाधीशांनी आरोपीस निर्दोष ठरविताना पुराव्याच्या हाताळणीवर व या पद्धतीच्या प्रमाणीकरणावर कठोर टीका केली. पद्धतीचा वापर काही काळ थांबविण्यात आला आणि ब्रायन कॅडी यांच्या समितीने २००८ मध्ये तिचा आढावा घेतला. पद्धत शास्त्रीय दृष्ट्या भक्कम असली, तरी नमुने गोळा करणे व निष्कर्ष मांडणे यांत एकसूत्रता हवी, असा या आढाव्याचा आशय होता. आंतरराष्ट्रीय न्यायसहायक आनुवंशिकी संस्थेच्या आयोगाने २००६ मध्ये मिश्रणांसाठी संभवनीयता गुणोत्तराची शिफारस केली व २०१२ मध्ये लोप आणि आगंतुक अलील हिशेबात घेण्याविषयी मार्गदर्शन केले.

तज्ञांमधील मतभेद : एकाच आलेखाचा अर्थ निरनिराळे तज्ञ कसा लावतात, याची पद्धतशीर तपासणी या शतकात झाली. इटिएल ड्रोर व ग्रेग हॅम्पिकियन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जॉर्जिया राज्यातील एका सामूहिक बलात्काराच्या खटल्यातील मिश्र आलेख, प्रकरणाची कोणतीही माहिती न देता, १७ अनुभवी तज्ञांपुढे ठेवण्यात आला. मूळ तज्ञांनी आरोपीला वगळता येत नाही, असे मत दिले होते. सतरांपैकी एकच तज्ञ त्या मताशी सहमत झाला. चौघांनी निष्कर्ष काढता येत नाही असे सांगितले आणि बारा जणांनी आरोपीला वगळले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविद्या संस्थेने २००५ व २०१३ मध्ये अनेक प्रयोगशाळांना सारखेच मिश्र आलेख पाठवून त्यांच्या उत्तरांची तुलना केली. २०१३ च्या अभ्यासात १०८ प्रयोगशाळांनी भाग घेतला. त्यातील पाचवे उदाहरण चार व्यक्तींच्या मिश्रणाचे होते, परंतु ते दोन व्यक्तींचे भासेल अशा रीतीने मुद्दाम रचलेले होते. मिश्रणात नसलेल्या एका व्यक्तीचा आलेखही तुलनेसाठी दिलेला होता. १०८ पैकी ७४ प्रयोगशाळांनी ती व्यक्ती मिश्रणात असू शकते, असे उत्तर दिले. हे निष्कर्ष सविस्तर स्वरूपात २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दरम्यान २०१५ मध्ये टेक्सस राज्यात जुन्या प्रकरणांची आकडेमोड सुधारित नियमांनी पुन्हा करण्यात आली, तेव्हा काही ठिकाणी आरोपीविरुद्धचा प्रचंड आकडा अगदी क्षुल्लक झाला. समावेश संभाव्यतेचा नियम ज्या स्थानी अलील लोप पावले असण्याचा संभव आहे, तेथेही सरसकट वापरला गेला होता. राज्याच्या न्यायसहायक विज्ञान आयोगास मिश्र नमुन्यांच्या जुन्या प्रकरणांचा व्यापक फेरविचार हाती घ्यावा लागला. ज्यांना शिक्षा होऊन वर्षे लोटली होती अशा माणसांच्या दृष्टीने हा केवळ गणितातील सुधारणेचा प्रश्न नव्हता.

संगणकीय पद्धती : अमुक उंचीखालील शिखर धरावयाचे नाही, अशी ठरावीक सीमारेषा आखल्यास तिच्या किंचित वर व किंचित खाली असलेल्या शिखरांना अगदी भिन्न न्याय मिळतो. हा दोष टाळण्यासाठी सर्व शक्य जनुकीय जोड्यांचा एकाच वेळी विचार करून, प्रत्येक जोडी आलेखाशी कितपत सुसंगत आहे, हे संगणकाकडून काढून घेण्याची कल्पना पुढे आली. अमेरिकेतील मार्क पर्लिन यांच्या ‘ट्रूॲलील’ या आज्ञावलीचा पुरावा २००९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका खुनाच्या खटल्यात स्वीकारण्यात आला. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया येथील जॉन बकल्टन, जो-ॲन ब्राइट व डंकन टेलर यांची ‘एसटीआरमिक्स’ ही आज्ञावली २०१२ पासून प्रत्यक्ष वापरात आली. यांत यादृच्छिक चाचण्यांची लांबलचक साखळी चालवून शक्यतांचे वजन काढले जाते. नॉर्वेतील ‘युरोफॉरमिक्स’सारख्या काही आज्ञावलींची मूळ संहिता सर्वांस खुली आहे.

या पद्धतींमुळे निवाड्यात सुसंगती आली, पण प्रश्न संपले नाहीत. न्यूयॉर्क राज्यातील एका बालकाच्या खुनाच्या खटल्यात (२०१६) नखांखालील एकाच नमुन्याबाबत एका आज्ञावलीने आरोपीविरुद्ध निष्कर्ष दिला, तर दुसरीने निष्कर्ष काढता येत नाही असे दर्शविले. संबंधित प्रयोगशाळेने स्वतःचे प्रमाणीकरण केले नसल्याच्या कारणाने न्यायालयाने पहिला निष्कर्ष पुराव्यात घेतला नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने मत दिले, की जास्तीत जास्त तीन व्यक्ती असलेल्या व ज्यात संबंधित गौण व्यक्तीचा अंश किमान २० टक्के आहे अशा मिश्रणांपुरतीच या आज्ञावलींची विश्वसनीयता सिद्ध झालेली आहे. राष्ट्रीय मानक व तंत्रविद्या संस्थेने २०२१ मध्ये प्रसृत केलेल्या आढाव्याच्या मसुद्यात, त्रयस्थांना या पद्धतींची विश्वसनीयता स्वतंत्रपणे पडताळण्यास पुरेशी माहिती सार्वजनिक रीत्या उपलब्ध नाही, असे नमूद केले. त्याच वर्षी न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने बचाव पक्षाच्या तज्ञाला आज्ञावलीची मूळ संहिता तपासू देण्याचा आदेश दिला. व्यापारी गुपितापेक्षा आरोपीचा उलटतपासणीचा हक्क मोठा, हे तत्त्व त्यामागे होते.

डीएनए तेथे कसा आला : मिश्रणात आरोपीचा अंश आहे हे निर्विवाद ठरले, तरी त्याने ते कृत्य केले हे सिद्ध होत नाही. जर्मनीतील हाइलब्रॉन येथे २००७ मध्ये झालेल्या एका महिला पोलिसाच्या खुनासह जर्मनी, ऑस्ट्रिया व फ्रान्स या देशांतील सु. चाळीस घटनास्थळी एकाच अज्ञात स्त्रीचा डीएनए आढळला होता. मार्च २००९ मध्ये तो नमुने घेण्याचे कापसाचे बोळे जेथे तयार होत, तेथील एका कामगार स्त्रीचा असल्याचे उघडकीस आले. बोळे निर्जंतुक होते. परंतु जंतू मारणाऱ्या प्रक्रियेने डीएनए नष्ट होतोच असे नाही. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०१२ मध्ये झालेल्या एका खुनात मृताच्या नखांवर ज्या माणसाचा डीएनए सापडला, तो त्या रात्री रुग्णालयात होता. त्याला रुग्णालयात नेणारे परिचारकच काही तासांनी घटनास्थळी गेले होते आणि त्यांच्यामार्फत तो अंश तेथे पोहोचला. या माणसाला काही महिने खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात काढावे लागले. अशा अनुभवांमुळे ‘हा डीएनए कोणाचा’ आणि ‘तो कोणत्या कृतीमुळे तेथे आला’ हे दोन प्रश्न आता काटेकोरपणे वेगळे मानले जातात. संगणकाने दिलेले गुणोत्तर कितीही मोठे असले, तरी ते पहिल्याच प्रश्नाचे उत्तर असते.

भारतातील स्थिती : भारतात डीएनए ठशांची पद्धत हैदराबाद येथील पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात लालजी सिंग (१९४७–२०१७) यांनी १९८८ मध्ये विकसित केली. पट्टेरी मण्यार या सापाच्या लिंगसूत्रापासून त्यांनी पूर्वी वेगळा केलेला अनुक्रम तिच्या मुळाशी होता. पितृत्वाच्या वादांत तिचा उपयोग लवकरच होऊ लागला. पुढे हैदराबाद येथे डीएनए ठसे व निदान यांसाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले आणि राज्यांच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांतही हे विश्लेषण होऊ लागले. २००५ च्या दुरुस्ती अधिनियमाने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५३ अ व १६४ अ समाविष्ट झाली. त्यांनुसार बलात्काराच्या गुन्ह्यातील आरोपी व पीडिता यांच्या वैद्यकीय तपासणीत डीएनएसाठी नमुने घेण्याची तरतूद झाली. १ जुलै २०२४ पासून या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून तत्सम तरतुदी तीत कायम आहेत. डीएनए तंत्राच्या नियमनाचे २०१९ चे विधेयक मात्र २०२३ मध्ये मागे घेण्यात आले.

शासकीय वैज्ञानिक तज्ञांचा अहवाल त्यांची साक्ष न घेताही पुराव्यात वाचता येतो, अशी आपल्या फौजदारी कायद्यातील जुनी तरतूद आहे. रासायनिक विश्लेषकाने विषाचा अंश आढळला एवढेच सांगावयाचे असते, तेव्हा ती सोयीची ठरते. मिश्र डीएनए नमुन्यात मात्र व्यक्तींची संख्या किती धरली, कोणती शिखरे वगळली, संभाव्यता कशी काढली, हे कळल्याशिवाय ‘जुळतो’ या एका शब्दाचे मोल ठरविता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिल्लीतील एका सामूहिक बलात्कार व खुनाच्या प्रकरणी आरोपींना निर्दोष ठरविताना हीच उणीव दाखविली. डीएनए अहवालातील निष्कर्षांचा पाया काय व तंत्राचा वापर विश्वसनीय रीतीने झाला काय, याची छाननी खालच्या न्यायालयांनी केली नव्हती आणि नमुने बराच काळ पोलिसांच्या ताब्यात पडून होते. महाराष्ट्रातील ठाणे जिल्ह्यातील एका बालिकेवरील अत्याचार व खुनाच्या प्रकरणी मे २०२३ मध्ये फाशीची शिक्षा रद्द करतानाही नमुने प्रयोगशाळेकडे पाठविण्यातील विलंब आणि त्यामुळे संभवणारे दूषण यांवर न्यायालयाने बोट ठेवले. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका प्रकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांसाठी निदेश दिले. त्यांनुसार नमुना गोळा केल्यापासून ४८ तासांच्या आत तो प्रयोगशाळेत पोहोचवावा आणि जप्तीपासून निकालापर्यंत तो कोणाच्या ताब्यात होता याची नोंदवही ठेवावी, असे ठरले.

दोन्ही बाजूंनी या शिस्तीची किंमत मोठी आहे. मुद्देमालाची हेळसांड झाल्यास अपराधी सुटतो व बळी पडलेल्यांच्या कुटुंबांना न्याय मिळत नाही. अर्थनिर्णयनात घाई झाल्यास निरपराध माणूस फासापर्यंत पोहोचू शकतो. मिश्र नमुन्यांच्या चार दशकांच्या इतिहासात तंत्र प्रत्येक टप्प्यावर अधिक सूक्ष्म झाले आणि प्रत्येक टप्प्यावर तज्ञाला आपले विधान अधिक सावधपणे करावे लागले. ‘हा डीएनए आरोपीचाच आहे’ या आरंभीच्या विधानाची जागा ‘या गृहीतकापेक्षा त्या गृहीतकाला हा आलेख इतक्या पटींनी पाठिंबा देतो’ या विधानाने घेतली. जेथे मिश्रण फार गुंतागुंतीचे वा अत्यल्प आहे, तेथे निष्कर्ष काढता येत नाही असे स्पष्ट सांगणे, हेही आता तज्ञाच्या कर्तव्यातच मोडते.